नाहीबाई आणि पाणी पिणारा खडा

माझ्या ताईला बाजारात सगळे ‘नाहीबाई’ म्हणतात. तोंडावर अर्थातच नुसतं ‘बाई’, कारण तोंडावर तसं म्हणायची कुणाची छाती नाही. कुणी खडा पुढे ठेवला की तिचा पहिला शब्द ठरलेला, “नाही.” मग भिंगातून बघणार, बोटांत फिरवणार, खिडकीशी नेणार, दिव्याखाली आणणार. समोरचा माणूस अर्धमेला झाला की मग कारण. मी तिची सख्खी धाकटी बहीण. ती ओपल, म्हणजे आतून रंग चमकणारे खडे, घासते, मी ते कोंदणात बसवते, सव्वीस वर्षं हेच चाललंय. ती मला आवडत नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून कुणी ‘अगं, बहीण ना ती’ म्हणून मला शिकवायला येऊ नये.

कारखाना म्हणजे बाबांची एक खोली. दोन मेजं, मध्ये वीतभर फट. तिच्याकडे घासायची चाकं आणि त्यांच्यावर थेंबथेंब गळणारी पाण्याची बाटली. माझ्याकडे चिमटे, कानशी आणि सोन्याचा कीस झेलायला मांडीवर चामडं. तिच्या चाकाचा चिखल माझ्या हातातल्या कामावर उडतो. बोलले तर म्हणते, “पूस.” एवढंच. सव्वीस वर्षं पुसतेय.

काम मात्र तिला येतं, खोटं कशाला बोलू? एकदा एक पोरगी लॉकेट घेऊन आली. निळा-हिरवा ओपल असा झगमगत होता की मीसुद्धा मान वर केली. ताईनं तो कडेनं बघितला आणि पोरीपुढे सरकवला.

“नाही. तीन थर आहेत. वर काच, खाली काळा तुकडा आणि मध्ये कांद्याच्या पापुद्र्याएवढा ओपल. डिंकानं चिकटवलाय. पाण्यात घालू नका, डिंक पांढरा पडेल.”

“आईनं दिलंय हो,” पोरगी रडवेली झाली.

“मग आईला फसवलंय.”

आता हे असं बोलतात का? त्या पोरीला मीच पाणी दिलं. ताई तोपर्यंत दुसऱ्या खड्याकडे वळली होती. तरीही लोक तिच्याकडे येतात, कारण तिचा शब्द खोटा निघत नाही. काळ्या अंगाचा ओपल सगळ्यात महाग, कारण काळ्यावर रंग उठून दिसतो, पांढऱ्यावर फिके पडतात. रंगांत निळा भरपूर मिळतो, लाल क्वचित. टाचणीच्या टोकाएवढ्या ठिपक्यांपेक्षा रुंद, एकमेकांना खेटलेले तुकडे असले तर भाव चढतो. आणि एकाच बाजूनं चमकून वळवल्यावर विझणारा खडा ती हातात घेऊन लगेच ठेवून देते. हे सगळं मला तिनं शिकवलं असं कुणाला वाटेल. छे! लोकांना झापताना ऐकून ऐकून मी शिकले.

बाबा गेले तेव्हा खोली ताईला आली आणि मला त्यांनी जपून ठेवलेला एक ओपल. अंगठ्याच्या नखाएवढा. परवा-परवापर्यंत तो मी कपाटातून हलवला नव्हता. पण पलीकडच्या गल्लीत एक खोली रिकामी झाली. छोटीशी, पण स्वतंत्र दार, स्वतंत्र खिडकी. घरमालकानं महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलं. खडा विकायचा आणि या बाईच्या चिखलातून कायमचं सुटायचं, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. तिलाही तसं तोंडावर सांगितलं.

तिनं खडा मागून घेतला, बराच वेळ फिरवला.

“पांढरं अंग आहे,” ती म्हणाली. “पण लाल आहे, तुकडे रुंद आहेत, कुठूनही बघ, विझत नाही. चांगला आहे. राहू दे माझ्याकडे दोन दिवस.”

तिच्या तोंडून ‘चांगला आहे’! मला तर धडकीच भरली.

तो विकत घेणारा खडेवाला गुरुवारी येणार होता. बुधवारी सकाळी मी आले, तर तिच्या मेजावर वाटीत पाणी आणि पाण्यात माझा खडा. खडा कसला? काचेचा तुकडा! आरपार दिसत होतं. ना लाल, ना हिरवा, काही म्हणजे काही नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

“बाबांचा खडा कुठाय?”

“हाच.”

“मला वेडी समजतेस? बदललास ना? मी जाणार म्हणून पोटात दुखतंय तुझ्या! चोर आहेस तू, चोर!”

तिनं खडा बाहेर काढला, फडक्यावर ठेवला. चेहरा दगडासारखा.

“रविवारपर्यंत हात लावू नकोस.”

“अगं, उद्या माणूस येतोय!”

“हात लावू नकोस म्हटलं ना.” आणि चाक सुरू केलं. त्या आवाजात पुढचं भांडणही करता येईना.

दुपारी ती जेवायला गेली. मी भिंग लावून बघितलं. कडेला वाळूच्या कणाएवढा काळा डाग होता, तो माझ्या ओळखीचा. म्हणजे बदलला नव्हता. म्हणजे तिनं पाण्यात घालून मारला होता. मनात म्हटलं, पाण्यानं मेला असेल तर सुकवला की जगेल. अंगठी घट्ट धरायला आम्ही ती लाखेत रोवतो आणि लाख मऊ करायला माझ्या मेजावर गरम दिवा असतो. ओलं झालेलं सगळं मी त्याच्यापाशीच सुकवते, हात चालतातच तसे. खडा चिमट्यात धरला आणि दिव्याशी नेला. थोड्या वेळानं कडेला लाल रेघ उगवली. मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! आणखी जवळ धरला.

टक्.

इवलासा आवाज. वळवून बघितलं तर आत या टोकापासून त्या टोकापर्यंत चिरा. एक नाही, दहा.

ताई आली तेव्हा मी तशीच बसले होते. तिनं आधी दिव्याकडे बघितलं, मग खड्याकडे. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“हा पाणी पितो,” ती म्हणाली. “काही ओपल पितात. प्यायले की रंग जातो, सावलीत चार-पाच दिवस सुकले की आपोआप परत येतो. मला शंका होती. बुडवून वजन केलं, वजन वाढलं. खडेवाल्याला कालच सांगितलं. भाव थोडा उतरवला त्यानं, पण तुझ्या खोलीपुरता आला असता. गुरुवारऐवजी सोमवारी बोलावला होता त्याला.”

“हे सकाळी सांगायला काय झालं होतं तुला?”

“तू मला चोर म्हणालीस.”

“मुळात बुडवलासच कशाला? न सांगता विकला असता तर काय आभाळ कोसळलं असतं?”

तिनं माझ्याकडे सरळ बघितलं. एरवी ती माझ्याकडे बघत नाही.

“कुणीतरी अंगठी घालून भांडी घासली असती, रंग गेला असता. खडा तुझ्या दारात परत. पैसे परत द्यायचे, खोली सोडायची आणि तू पुन्हा इथं येऊन बसली असतीस. मला ते नको होतं. जाशील ती कायमची जा, म्हणून बुडवला.”

सव्वीस वर्षांत आम्हा दोघींना पहिल्यांदाच एकच गोष्ट हवी होती, आणि ती मी माझ्या हातानं चिमट्यात धरून जाळली. मला रडू फुटलं. तिच्यासमोर रडायची लाज वाटली, तरी थांबेना.

तिनं फोन उचलला.

“हं, मी बोलतेय. सोमवारी येऊ नका. तडकला खडा. बहिणीनं तापवला.” पलीकडून त्यानं काहीतरी विचारलं. ती माझ्या मेजाकडे बघत राहिली. “नाही हो, आता कुठली जातेय? इथंच असेल ती.”

आणि फोन ठेवून तिनं चाक सुरू केलं.