डाव्या बाजूचा जास्तीचा पाटा

मामाजी गेल्यावर त्यांची लाल, दोन माणसांची जुनी गाडी मी पहिल्यांदा बाहेर काढली आणि हिंगणीच्या रस्त्यावर, उजव्या वळणावर, थेट पराटीत घातली. मागची चाकं माझ्याआधीच वळायला निघाली होती. शेतातल्या बाईनं विचारलं, "काऊन भाऊ, कापूस वेचाले आले का?"

मामाजी म्हणजे माझे सासरे. गाडी ते पाठीनं ऐकायचे. "इंजिन समोर, जोर मागच्या चाकाले. अशी गाडी पाठीतच बोलते," म्हणायचे. माझी घाई पाहून वर ऐकवायचे, "दोष एकदम धुंडाचा नाई, जावईबुवा. पयले हवा, मंग चाकं, मंग मानूस." माणूस म्हणजे चालवणारा, असं समजून मी ते मनाला लावून घ्यायचो.

संध्याकाळी मामीजींना डावीकडे बसवून ते पवनारला नदीवर जायचे. मामीजी अंगानं भरलेल्या, त्यात त्यांना गाडी लागायची. त्या गेल्यानंतरही मामाजी निघताना डावं दार उघडायचे, जरा थांबायचे, लावायचे. गाडी उजव्या वळणावर शेपूट फेकायला लागली ती तेव्हापासून. गॅरेजचं नाव काढलं की म्हणायचे, "दोष मले ठाऊक आहे. काढाचा नाई."

पराटीतून आल्यावर मी त्यांच्याच क्रमानं गेलो. हवा ठीक. चाकं ठीक. उरला माणूस. गाडीखाली आडवा झालो, तर मागच्या डाव्या कमानीत, म्हणजे चाकावरच्या स्प्रिंगमध्ये, एक पाटा जास्त. मामीजींच्या बाजूला गाडी झुकू नये म्हणून मामाजींनी घातलेला. आता सीट रिकामी. तो कोपरा उचललेलाच राहतो, आणि उजवीकडे वळताना मागचं अंग सुटतं.

मी पाना घेऊन तसाच पडून राहिलो. सुटं अंग एखाद दिवशी जिवावर बेतलं असतं. पण पाटा काढला की मामीजींची जागाही गेली. शेवटी बायकोला विचारलं. बाप तिचा.

ती सरळ गाडीकडे गेली. डावं दार उघडून बसली.

त्याच वळणावर गाडी रुळावरून गेल्यासारखी गेली. मी खुशीत ओरडलो, "पाहिलं? तू बसलीस की सरळ!"

"म्हंजे मी आईयेवढी जाड झाली?"

मी घाईनं रस्त्याकडे पाहिलं. पुढचं वळण दिसलं तसा तिनं समोर हात टेकवला आणि म्हणाली,

"हळू घ्याजा. आईले गरगरते."