फाळ नसलेला नांगर

निघोज्यात एका बंगल्यावर पडदे बसवायला गेलो होतो. मालकांच्या अंगात कडक इस्त्रीचे पांढरे कपडे आणि वर सोनेरी जाकीट. पडद्याचं कापडही त्यांनी जाकिटाला लावूनच निवडलेलं. त्यामुळे पडदे लागल्यावर ते खिडकीपाशी उभे राहिले, की माणूस कुठे संपतो नि पडदा कुठे सुरू होतो ते कळेना.

समोरच्या भिंतीवर पॉलिश केलेला लाकडी नांगर टांगला होता. येता-जाता मालक रुमालानं त्याच्यावरची नसलेली धूळ पुसत.

मी विचारलं, "वडिलांचा का?"

"न्हाई हो भाऊ, शोरूममधनं आणलाय. इंटेरियरवाला म्हणाला, हॉलला गावाकडचा लूक पायजे."

"मग वडिलांचा?"

"त्यो व्हय? बंबात घातला. लई जुना दिसायचा."

ज्या नांगरावर वडिलांचा जन्म गेला, त्यावर यांच्या आंघोळीचं पाणी तापलं होतं!

स्टुलावरून उतरताना तो शोरूमचा नांगर जवळून पाहिला. त्याला फाळच नव्हता. मालकांच्या ते गावीही नव्हतं.

"कसा वाटतो?" त्यांनी हौसेनं विचारलं.

मी म्हणालो, "तुम्हाला अगदी शोभतो."

ते खूश झाले.