याकोबमामांचं बोलणं मी अर्धंच सांगितलं

याकोबमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी जालन्यात शाळेच्या स्टाफरूममध्ये वह्या तपासत होते. मामेभाऊ रडत नव्हता. "अप्पा गेले," म्हणाला, आणि त्याच दमात, "ताई, पुरायला कोणत्या पाळकाला बोलवू? एकाला बोलवलं की दुसरा येणार न्हाई." ज्या माणसानं उभी हयात दोन मंडळ्यांना शेजारी बसवण्यात घातली, त्याच्या मातीला हा प्रश्न. मी म्हणाले, दोघांना बोलव. दोघंही आले, कबरीच्या दोन अंगांना उभे राहिले. एकानं प्रार्थना केली तेव्हा दुसऱ्यानं डोळे मिटले नाहीत. मला हे माहीत आहे, कारण माझेही उघडेच होते.

भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं मोजकी आणि चर्च दोन. एक जुन्या मिशनचं, दगडी. दुसरं पत्र्याचं, दक्षिणेकडून आलेल्या प्रचारकांनी उभं केलेलं. इकडं तान्ह्या लेकरांना बाप्तिस्मा, तिकडं मोठ्या माणसांना विहिरीत बुडवून. एवढ्यावरून सख्ख्या भावांनी एकमेकांच्या लग्नात जेवणं सोडलं. मामा जुन्या मंडळीचे पंच. शिक्षण सातवी, पण पायाला भिंगरी. त्यांचं मागणं एकच होतं, वर्षातून एका रविवारी दोन्ही मंडळ्यांनी मिळून प्रभुभोजन घ्यावं, भाकर मोडून द्राक्षरस प्यावा, एकाच प्याल्यातून. "शिकवण अलग राहू द्या," ते म्हणायचे, "उष्टं तेवढं एक करा." पत्र्याच्या चर्चच्या नव्या पाळकांनी एकदा टोमणा मारला, "पंच, तुमच्या मिशा बुडतात त्या प्याल्यात." दुसऱ्या दिवशी मामा मिशा काढून त्यांच्या दारात हजर. मामी आठवडाभर पदर तोंडाला लावून हसत होती. पण पाळक कबूल झाले.

हे जुन्या मिशनच्या परदेशी मंडळीला कळलं. देशोदेशीच्या मंडळ्यांची एकी बघायला चार पाहुणे त्या ठरलेल्या रविवारीच आले. दुभाषी मी. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर, तीही इंग्रजी घेऊन बी. ए. त्याचा मला गर्व होता आणि आजही आहे, उगाच नम्रपणा करत नाही. पाहुण्यांनी बरोबर एक खोकं आणलं होतं. त्यात औषधाच्या टोपणाएवढ्या प्लास्टिकच्या प्याल्या, माणशी एक. आजार पसरत नाही, त्यांच्याकडं आता असंच चालतं, असं पाहुण्याबाईंनी सांगितलं. आमच्या दोन्ही पाळकांनी एकदम माना हलवल्या. बाप्तिस्म्यावर कधी न झालेलं एकमत तिथं दोन मिनिटांत झालं.

मामा उठले. आवाज चढवला नाही. "माझ्या आज्याला गावात वरून पाणी वाढत होते. खाली बसून ओंजळ धरायची. भांड्याला तोंड लावायची सोय न्हवती. तुमच्याच गोऱ्या साहेबानं सोता पिऊन तोच प्याला त्याच्या हातात देल्ता. माझा आजा म्हनायचा, त्या दिशी मी मानूस झालो. आन् आता तुम्हीच आम्हाला अलग अलग पाजून राह्यले?"

सगळे माझ्याकडं बघत होते. 'वरून पाणी' इंग्रजीत कसं सांगायचं ते मला येत होतं. मला लाज वाटली... पाहुण्यांपुढं आमची जात उघडी करायची? मी सांगितलं, "ते म्हणतात, हा प्याला फार जुना आहे आणि त्यांना फार प्रिय आहे." पाहुण्याबाई हसल्या. त्यांनी प्याल्याचा फोटो काढला. मग तबक फिरलं. मामांनी ते न घेता पुढं सरकवलं, आणि मरेपर्यंत प्रभुभोजन घेतलं नाही.

घरी जाताना मामा म्हणाले, "म्या येवढं बोललो, तू दोन गोष्टीत कसं निपटलं?"

"इंग्रजीत कमी शब्द लागतात, मामा."

"बरी है मंग ती भाषा. त्याहीला दुखणं बी कमीच असंल."

पुढच्या वर्षी तो रविवार आला आणि गेला, कुणी कुणाकडं फिरकलं नाही. पत्र्याच्या चर्चमध्ये म्हणू लागले, जुन्यांच्या पंचानं प्रभूचं भोजन नाकारलं. जुने म्हणाले, बापजाद्यांचा प्याला यांच्या नादानं गेला.

मातीनंतर तिसऱ्या आठवड्यात दोन्ही पाळक मामीला भेटायला म्हणून एकत्र आले. रविवारी उपासनेच्या वेळेला मामा ज्या बाजेवर उताणे पडायचे, तिच्यावर दोघं बसले. पाहुणे पुन्हा येणार होते. "बाई, दुभाषी तुम्हीच पायजे," जुने पाळक म्हणाले. "पंचांबद्दल दोन शब्द सांगा. एकीसाठी झटले म्हनून."

"सांगते," मी म्हणाले. "त्या दिवशी ते काय बोलले ते सगळं सांगते. आधी मराठीत, तुमच्या दोघांसमोर."

"मराठीत कशाला?" नवे पाळक म्हणाले. "आम्हाला तर माहीतच है ते. आम्ही तिथंच होतो ना."

चहा निवत होता. मी इतकी वर्षं समजत होते की त्या दिवशी खोटं एकटी मी बोलले. मामांचा शब्द न् शब्द कळणारी अख्खी दोन चर्चं माझ्यासमोर बसली होती, आणि माझं भाषांतर संपल्यावर एकही माणूस उठला नव्हता.

मामी दोघांच्या मधून गेली आणि बाजेवरची चादर ओढून घडी करू लागली. दोघांनाही उठावं लागलं.