मैदान सर्वांसाठी, पण रविवारी

बॅनर लागला होता. मांडव उभा होता, खुर्च्या पुसून झाल्या होत्या, पाण्याचे जार आले होते. एका टेबलावर नवीन बॅटी आणि बॉल मांडून ठेवले होते. बॅनरवर गुजरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मैदान सर्वांसाठी'. फक्त सर्वांपैकी कोणीच आलेलं नव्हतं.

मी मांडवाच्या खांबाला टेकून गेटकडे बघत उभी होते. सरकारी निधी मंजूर करणाऱ्या कमिटीचे साहेब थोड्या वेळात पोचणार होते. आमचे बॉस मेहुलभाई फोन कानाला लावून मैदानात गोल गोल फिरत होते. त्यांनी आठवडाभर आधीच सांगून ठेवलं होतं की हे काम हातचं गेलं तर ऑफिसातलं एक माणूस कमी करावं लागेल. सगळ्यांत नवीन मीच होते. आणि माझ्या नवऱ्याची बमरोलीच्या मिलमधली नोकरी नुकतीच सुटली होती. सुरतमधल्या उधन्याच्या आमच्या चाळीतल्या घरात येणारा पगार तेवढा माझाच.

आता हे काम काय होतं ते सांगते. आमचं ऑफिस डीपीआर बनवतं. डीपीआर म्हणजे प्रकल्पाची कुंडली. काय बांधायचं, किती खर्च, कोणाला फायदा, सगळं त्यात येतं. गोडादरा म्हणजे यंत्रमाग कामगारांची वस्ती, आणि तिला लागून कापडबाजारातल्या एका शेठच्या क्लबचं मैदान आहे. शेठना तिथे स्टेडियम बांधायचं होतं. जमीन क्लबची, स्टेडियमही क्लबचंच राहणार, पण स्टँड, रस्ता आणि ड्रेनेजचे पैसे सरकारी निधीतून हवे होते. आमच्या धंद्यात याला व्हायबिलिटी गॅप म्हणतात. प्रकल्प स्वतःच्या कमाईवर उभा राहू शकत नसेल, तर जेवढी खोट राहते तेवढी सरकार भरून देतं. बदल्यात लोकांना काहीतरी मिळालं पाहिजे. ते काय मिळणार, हा चॅप्टर माझ्याकडे होता.

शेठ काही वाईट माणूस नव्हते. ते म्हणायचे, स्टेडियम आलं की मॅचेस येतील, हॉटेलं चालतील, रिक्षावाल्यांना धंदा मिळेल, सुरतचं नाव होईल. यातलं सगळंच खोटं नव्हतं. पण मला आपला एकच प्रश्न टोचायचा. जो माणूस चहाच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, बिस्किटाचा पुडा घेतो, तोसुद्धा त्या पुड्यावर टॅक्स भरतो. त्याच्या पैशाने स्टँड उभा राहणार असेल, तर त्याला आत पाय ठेवता येईल का?

म्हणून सर्वे मी स्वतः केला, आणि सकाळी सातला केला. लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यांत बारा-बारा तासांच्या पाळ्या असतात. सकाळी नाइटवाले सुटतात आणि डेवाले आत शिरतात. माझे वडील लूमवरच होते, त्यामुळे हे मला शिकवावं लागत नाही. नाइटवाली तरुण मुलं झोपायच्या आधी क्लबच्या कंपाउंडला लागून असलेल्या मोकळ्या प्लॉटवर रबरी बॉलने खेळतात. डोळे तारवटलेले असतात, कानांत लूमची खडखड असते, पण खेळतात. त्यात माझा चुलतभाऊ सुनीलही असतो. मी लिहिलं की मैदानाची गरज आहे, आणि खाली सही केली.

कमिटीच्या साहेबांनी ते वाचलं आणि म्हणाले, ठीक आहे, पैसे देण्याआधी एक दिवस मैदान लोकांसाठी उघडा, कोण येतं ते मी बघतो. शेठनी लगेच रविवार ठरवला. त्यांचे पाहुणे रविवारीच मोकळे होते.

मी मेहुलभाईंना म्हटलं, रविवार नको. आमच्या भागातल्या लूमवाल्यांची सुट्टी रविवारी नसते. पूर्वी विजेच्या हिशोबाने प्रत्येक इंडस्ट्रियल एरियाला सुट्टीचा वेगळा वार वाटून दिलेला होता, ती रीत अजून चालू आहे. शिवाय शेठनी वेळ ठेवली होती सकाळी दहाची. दहाला डेवाला मशीनवर असतो आणि नाइटवाला गाढ झोपलेला. मेहुलभाई अडाजणला, ऑफिसवाल्यांच्या भागात, राहतात. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पंचांगच बदलायला निघाले आहे.

"मीनाबेन, संडेने दिवसे तो आखी दुनियाने रजा होय," ते म्हणाले.

त्यांच्या दुनियेत होती. मी सुनीलला फोन लावला, म्हटलं निदान आठ-दहा जणांना घेऊन ये. तो हसायलाच लागला. घरी आम्ही अहिराणीच बोलतो. म्हणाला, "ताई, रविवारले आमले सुटी कोठे शे? मालक काय तुना मैदानसाठे लूम बंद ठेई का?"

तेव्हापासून माझी झोप उडाली होती. आणि आता रिकाम्या खुर्च्या माझ्याकडे बघत होत्या. लोक आले नाहीत म्हणजे माझा सर्वे खोटा, असंच कोणीही म्हणणार. आणि सर्वे खरा आहे हे सांगायचं, तर हा कार्यक्रमच खोटा होता असं सांगावं लागणार. इकडे आड, तिकडे विहीर. मी देवाचं नाव घेत उभी राहिले.

तेवढ्यात गेटातून गाड्या आत आल्या. एकामागून एक. क्लबच्या मेंबरांची कुटुंबं उतरली. मागून एका टेम्पोतून शेठच्या मार्केटमधला स्टाफ आला. सगळ्यांना पांढरे टी-शर्ट वाटले गेले, इतके नवे की घड्या मोडलेल्या नव्हत्या. पाच मिनिटांत मैदान भरलं. मेहुलभाई घाम पुसत माझ्याजवळ आले. साहेबांनी विचारलं तर गोडादऱ्याचे लोक म्हणून सांगायचं, बाकी मी सांभाळून घेतो, असं म्हणाले. शेठ शेजारीच उभे होते. त्यांनी मान हलवली.

मनात म्हटलं, मीना, गप्प बस. तुझ्या बापाचं काय जातंय? आणि मग आठवलं की बापाचंच जातंय. चाळीतल्या सगळ्यांच्या बापाचं जातंय.

साहेब आले. बारीक अंगाचे, कमी बोलणारे. आधी पार्किंगमधल्या गाड्यांकडे बघितलं, मग टी-शर्टांकडे. मांडवात चहा दिला तर घेतला नाही. थेट माझ्याकडे वळून हिंदीत म्हणाले, "सर्वे आपका है ना? ये लोग गोडादरा के हैं?"

मेहुलभाई खोकले. हो म्हणायला एक शब्द पुरला असता, आणि तो अगदी ओठांवर आला होता. पण टी-शर्टांच्या त्या घड्या दिसत होत्या.

"नहीं सर," मी म्हटलं. "ये क्लब के मेंबर हैं और मार्केट का स्टाफ है. गोडादरावाले अभी मशीन पर हैं, नहीं तो सो रहे हैं."

मला वाटलं, झालं, संपली नोकरी. नवऱ्याला कोणत्या तोंडाने सांगायचं हेच डोक्यात फिरायला लागलं. साहेबांनी विचारलं, मग ते कधी येऊ शकतात? मी पाळ्यांचं सांगितलं, सुट्टीच्या वाराचं सांगितलं. आणि आता बुडालेच आहे तर पूर्णच बुडावं म्हणून हेही सांगितलं की क्लबचं गेट मेनरोडला उघडतं, गोडादऱ्याच्या बाजूला सलग भिंत आहे. वळसा घालून येईपर्यंत माणूस घरी जाऊन झोपेल.

साहेब रागावले नाहीत. त्यांनी तिथेच शेठना अटी सांगितल्या. पैसे मिळतील, पण गोडादऱ्याच्या भिंतीत एक गेट काढायचं. सकाळी पाळी सुटल्यावर आणि लूमवाल्यांच्या सुट्टीच्या दिवशी ते उघडं राहील. आणि त्या गेटची चावी क्लबकडे नाही, कमिटीकडे राहील.

शेठ इतका वेळ हसतमुख होते. चावी म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

"जमीन मारी, भिंत मारी, ने चावी तमारी?" ते म्हणाले. "ए केम चाले?"

साहेब म्हणाले, पैसे लोकांचे आहेत, एवढं तर चालवून घ्यावं लागेल. शेठ विचार करून कळवतो म्हणाले. पुढच्या आठवड्यात त्यांनी अर्ज मागे घेतला.

ऑफिसात माझे दिवस फार वाईट गेले. मेहुलभाई "मीनाबेन, जरा आवो" म्हणाले की मी पर्स आवरूनच केबिनमध्ये जायचे. पण त्यांनी काढलं नाही. एकदा फक्त म्हणाले, खरं बोललात ते ठीक आहे, पण शेठच्या तोंडावर बोलायची काय गरज होती? मग मला खाडीच्या ड्रेनेजच्या सर्वेवर पाठवून दिलं. वासाने डोकं उठायचं, पण पगार चालू होता.

आणि स्टेडियमचं काय झालं? बांधलं की. शेठनी स्वतःच्या पैशाने बांधलं, दिमाखात. जी खोट सरकारने भरल्याशिवाय प्रकल्प उभाच राहणार नाही असं आम्ही पानंच्या पानं लिहून सांगितलं होतं, ती खोट गेली कुठे, हे आमच्या ऑफिसात कोणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही. तेव्हापासून असा प्रकल्प समोर आला की पैसे किती हे मी नंतर बघते, गेटची चावी कोणाकडे राहणार ते आधी विचारते.

परवा सकाळी सुनीलचा फोन आला. मोकळ्या प्लॉटवर खेळताना त्यांचा बॉल स्टेडियमच्या भिंतीपलीकडे गेला होता आणि वॉचमन देत नव्हता. "ताई, तुनी शेठशी वळख शे ना?" म्हणाला. मी म्हटलं, बाबा रे, माझी ओळख सांगशील तर बॅटही काढून घेतील, तू नवा बॉल घे.

भिंत पहिल्यापेक्षा उंच झाली आहे आणि त्या बाजूला गेट नाही. सुनीलला आत जाता येत नाही. पण ती भिंत निदान त्याच्या बिस्किटाच्या पुड्याच्या टॅक्सवर तरी उठलेली नाही.