बोटाला लागलेला लाल रंग

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दारू चढल्यावर मित्रांनाही नाही. तुम्हाला सांगतोय, तरी जीभ आडवळणानंच चालतेय.

शिरूरला माझं लेझर वेल्डिंगचं शॉप आहे. कारखान्यांचे चिरलेले साचे दुरुस्त करतो. स्वतःच्या हिमतीवर उभं केलं — असं सांगतो लोकांना. खरं तर पहिलं काम आप्पांनी मिळवून दिलं. आप्पा खुटबावचे, एका कारखान्यात ॲल्युमिनियम ओतायच्या मशीनवर साचे बसवणारे सेटर. मला मॅनेजरपुढे उभं करून म्हणाले, "पोरगं तापट हाय सायेब, पन हात सोन्याचा हाय."

तो मॅनेजर! दर पाडायचा — ते चालतं, मीही लोकांचे पाडतोच. पण एकदा चारचौघांत म्हणाला, "तू डाग देणारा, इंजिनिअरचा भाव कसला सांगतोस?" अजून आठवलं की डोकं फिरतं. त्या दिवशीचा साचा मी दातओठ खातच टेम्पोत चढवला.

भेग किती खोल आहे हे बघायला आम्ही तिच्यावर लाल रंग फवारतो. तो आत झिरपतो. थोड्या वेळानं मी साच्याच्या पोटातल्या, थंड पाणी फिरवायच्या भोकात बोट घातलं. बोट लाल निघालं. म्हणजे भेग आरपार.

अशी भेग मुळापर्यंत खोदून काढायची, मग तळापासून थर चढवत भरायची. मला माहीत नव्हतं? माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? मी वरचं तोंड तेवढं बुजवलं, घासून आरशासारखं केलं. डाग देणारा ना मी? घे, डाग.

त्या मशीनपाशी मॅनेजर उभा राहत नाही. आप्पा राहतात. हेही — हेही मला माहीत होतं.

साचा फाटला. पाणी वितळलेल्या धातूत गेलं आणि सगळं उसळून बाहेर आलं. आप्पांचा उजवा डोळा गेला, हात कोपरापर्यंत भाजला.

चौकशीला ते पट्ट्या बांधून आले होते. मॅनेजरनं मला विचारलं, "वेल्डिंग कच्चं होतं, की साचा न तापवताच मशीन सुरू केलं?" गार साच्यात धातू ओतला तरी तो फाटतो, आणि तापवायचं काम आप्पांचं. त्याला कुठलं उत्तर हवंय ते मला कळत होतं.

"तापवलेला दिसत नाही," मी म्हणालो.

"तापवला हुता रं. तू तरी सांग ह्यास्नी."

"आप्पा, माझ्या कामाला नावं ठेवायची नाहीत!" ओरडलो मी. त्यांच्यावर.

चूक त्यांची ठरली. नोकरी गेली, भरपाई बुडाली. मला पुढच्या कामापासून मागेन तो दर मिळाला.

परवा कासुर्डीला हायवेवर, आप्पा त्यांच्या मुलाच्या चहाच्या टपरीवर बसलेले दिसले. मी चहा मागितला; उरलेल्या डोळ्यालाही नीट दिसत नसावं, आवाजावरून ओळखलं त्यांनी मला. चहा दिला. मग हळूच म्हणाले, "लई इचार केला बग. मीच कमी तापवला आसंल. तुज्यावर उगं आळ आनला."

मी चहा संपवला.

"जाऊ द्या, आप्पा," म्हणालो.