दगडावरची हळद

माझ्या नवऱ्याने आयुष्यात स्वतःच्या शर्टाला कधी इस्त्री केली नाही. पूल टेबलाच्या कापडाला मात्र तो दर आठवड्याला करायचा, तीही आधी कोमट झाली की जास्त तापली ते हाताने नीट बघून. मी दारात उभी राहून टोमणा मारायचे, "माझ्या दोन साड्या पण टाका की त्याच्यावर, एकदाच होऊन जाईल." तो हसायचा आणि इस्त्री पुढे सरकवायचा. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकाच दिशेने. त्याच कापडावरून उलटी इस्त्री मी कधी फिरलेली पाहिली नाही.

पेणला आमच्या घराला लागूनच एक गाळा होता, गणपतीच्या कारखान्यांच्या गल्लीत. रोह्याच्या कंपनीतली नोकरी त्याने मुदतीआधी सोडली आणि त्या गाळ्यात हे टेबल आणून ठेवलं. नातेवाइकांनी नाकं मुरडली. तिथे रिकामटेकडी पोरं जमतील, सिगारेटी ओढतील, शिव्या देतील, बायकोला दारात उभं राहायची सोय उरणार नाही, असं माझ्या भावाने तोंडावर सांगितलं. मलाही तेच वाटत होतं. नवरा म्हणाला, "तू दारात उभी राहा. तू उभी राहू शकशील असंच ठेवतो."

आणि त्याने तसंच ठेवलं. भिंतीवर नियमांची पाटी लावली नाही. पाटी फक्त मालक वाचतो, असं त्याचं मत. कुणी टेबलाच्या काठावर बसलं, तर हा एक अक्षर बोलायचा नाही, कोपऱ्यातली खुर्ची उचलून त्या माणसाच्या मागे आणून ठेवायचा. माणूस ओशाळून खुर्चीत बसायचा. नेम चुकला म्हणून कुणी रागाने स्टिक जमिनीवर आपटली, तर हा ती त्याच्या हातातून घ्यायचा, टोकापासून मुठीपर्यंत तिच्यावरून हात फिरवायचा, पडलेल्या पोराला कुठे लागलंय का बघावं तसा, आणि परत द्यायचा. पुन्हा आपटणारा मी तरी पाहिला नाही. कारखान्यातले रंगारी संध्याकाळी यायचे, हात कोपरापर्यंत पांढरे, नखांत सोनेरी रंग. त्यांच्यासाठी बाहेर नळाखाली साबण आणि पंचा ठेवलेला असायचा. हात धुतल्याशिवाय कापडाला हात नाही. आपल्या शर्टाची बाही बॉलला लागली तर आपणच सांगायचं, समोरच्याने पाहिलेलं नसलं तरी. आणि दुसऱ्याच्या स्टिकला हात लावायच्या आधी विचारायचं, "हात लावू का?"

हे शेवटचं मला फार आवडायचं. एरवी आमच्याकडे कोण कुणाला विचारतं? शेजारीण येते, मिक्सर उचलते, नेते. इथे मात्र दिवसभर मूर्ती उचलणारी धिप्पाड माणसं एका लाकडी काठीसाठी इतक्या हळू आवाजात परवानगी मागायची की मला हसू यायचं.

सकाळी ब्रश मारायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं. चहा टाकायचा, गाळा उघडायचा, टेबलावर ब्रश फिरवायचा. कापडावरून उघडा तळहात फिरवला की लव कुठल्या बाजूला झोपते ते कळतं. ब्रश मारून झाला की मी तसा हात फिरवायचे, नवरा मागे चहाचा कप घेऊन उभा असायचा, टेबलापासून चार हात लांब, आणि विचारायचा, "झोपलं का?" मी म्हणायचे, "झोपलं." एवढंच आमचं बोलणं. पण त्या बोलण्याने माझा दिवस सुरू व्हायचा.

पहिल्या वर्षीच्या खंडेनवमीला सासूबाई गावाहून आल्या. आमचं गाव गागोद्याच्या बाजूला, भाताची शेती. तिथे त्या दिवशी विळे, कोयते, फावडी धुऊन ओळीने मांडायची पद्धत. नवऱ्याने सगळ्या स्टिका एका पाटावर मांडल्या होत्या, झेंडूची फुलं त्यांच्यासमोर ताटलीत, म्हणजे पाकळीचा डाग कुठे पडायला नको. टेबलावर पांढरी चादर घातलेली. सासूबाई आल्या, त्यांनी पाटाकडे पाहिलं, टेबलाकडे पाहिलं आणि विचारलं, "ह्याच्यावर तुमचं पोट नाय? मग ह्याला झाकून का ठेवलाय?" आणि आम्ही काही म्हणायच्या आत चादर बाजूला करून त्यांनी नव्या कोऱ्या हिरव्या कापडावर मधोमध ओल्या हळदीची दोन बोटं ओढली, त्यांच्या शेजारी कुंकवाची दोन.

हळद कपड्याला लागली तर काय होतं हे बाईमाणसाला कुणी सांगायला नको. मी नवऱ्याकडे पाहिलं. चहाचा कप चार हात लांब ठेवायला लावणारा हा माणूस. तो हात जोडून उभा होता आणि त्याचे डोळे भरले होते.

मला वाटलं, कापडासाठीच. संध्याकाळी मी म्हटलंदेखील, "लिंबू लावून बघू का?" तेव्हा त्याने सांगितलं. त्याचे वडील गेल्यापासून, म्हणजे तो शाळेत होता तेव्हापासून, आईने हळदकुंकवाला हात लावलेला त्याने पाहिला नव्हता. बैल आला, तिने चुलतीला पुढे केलं. विहिरीला पाणी लागलं, शेजारणीला हाक मारली. आमच्या लग्नातसुद्धा त्या मांडवाच्या खांबाशी उभ्या होत्या, हे मला तेव्हा आठवलं. कुणी त्यांना अडवत नव्हतं, त्या आपणहूनच मागे सरायच्या, आणि कुणी पुढेही ओढत नव्हतं. "आज ती विसरली," नवरा म्हणाला. "माझ्या टेबलापाशी विसरली."

तो डाग तसाच राहिला. नवीन माणूस विचारायचा, "हे काय सांडलंय?" नवरा सांगायचा, "आईचा हात आहे." पुढे काही विचारायची कुणाची छाती व्हायची नाही.

काही वर्षांनी कापड झिजलं, बदलायची वेळ आली. मुंबईहून फिटर आला. जुनं कापड उतरवलं आणि खालचा दगड दिसला. तोवर मला माहीतच नव्हतं की पूल टेबलाच्या पोटात दगड असतो. काळसर, आरशासारखा सपाट, अख्खा एकच. नवऱ्याने फिटरला थांबवलं, रिक्षा करून गावाला गेला आणि आईला घेऊन आला. त्या तेव्हा वाकल्या होत्या, डोळ्यांनी कमी दिसायचं. त्याने त्यांचा हात धरून दगडाच्या मध्यावर नेला. "इथं लाव. आता कापडाखाली राहील, कुणाच्या खेळात येणार नाही." त्यांनी पुन्हा तशीच बोटं ओढली. हळद जरा जाड लागली. फिटर कुरकुरला, खाली कण राहिला तर वर बॉल उडेल. मग नवऱ्याने आपल्या अंगठ्याने ती हळद हळूहळू दाबून, पसरून सपाट केली. हळदीच्या दोन्ही बोटांवरून अंगठा एकाच दिशेने ओढला. मग वर कापड चढलं.

सासूबाई त्यानंतर वर्षभरात गेल्या. आणि मग, मला हे लिहायला अजून जड जातं, तोही गेला. सकाळी मी ब्रश मारून हात फिरवला, मागून प्रश्न आला नाही. तो खुर्चीत बसला होता, तीच कोपऱ्यातली खुर्ची.

मी गाळा काही महिने चालवला. रंगारी यायचे, हात धुऊन यायचे, माझ्यासमोर आवाज चढवायचे नाहीत. पण सकाळ सहन व्हायची नाही. "झोपलं का" हे ऐकायला मी रोज क्षणभर थांबायचे, कळत असूनही थांबायचे. त्याची आठवण येते असं लोक म्हणतात तसं मलाही म्हणता येईल, पण ते फार थोडं होईल. मला तो हवा होता. अजून हवा आहे.

टेबल मी रोह्याशेजारच्या अष्टमी गावातल्या एका मुलाला विकलं. मुलगा म्हणजे तिशीचा, रोह्याच्या बाजूला कंपनीत शिफ्टला जायचा आणि सुट्टीच्या दिवशी खास पेणला खेळायला यायचा. पहिल्याच दिवशी काठावर बसल्यामुळे खुर्ची मिळालेला. त्याला नदीच्या पुलापलीकडे रोह्यात स्वतःचा हॉल काढायचा होता. टेबल उचलून टेम्पोत घातलं तेव्हा कापड वर तसंच होतं. मी घरात जाऊन बसले. नंतर मन खायला लागलं. सासूबाईंची बोटं, त्यांच्यावरून फिरलेला त्याचा अंगठा, सगळं मी कापडाखाली ठेवून दुसऱ्याच्या गावाला पाठवलं. तिथे उद्या कापड बदलताना कुणी ओल्या फडक्याने पुसलं तर? त्या पोराला तर ते खाली आहे हे ठाऊकच नव्हतं. मी सांगायला हवं होतं असं रोज वाटायचं, आणि फोन उचलला की वाटायचं, काय सांगू? विकलेल्या वस्तूत आपलं काही राहिलंय, असं म्हणणं बरं दिसत नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर त्याचाच फोन आला. "काकी, कापड बदलायला काढलंय. खाली दगडावर पिवळा कायतरी हाय. फिटर पुसायला बसला व्हता, मी त्याचा हात धरला. तुमच्यापैकी कुणाचा हाय काय?"

मी म्हटलं, "पुसू नकोस. मी येते."

पेणहून वडखळ, नागोठणे, रोहा. एसटीत खिडकीशी बसून मी स्वतःला बजावत होते, बघायचं आणि परत यायचं. टेबल त्याचं आहे. आपण पाहुण्या.

हॉल नीटनेटका होता. स्टिका स्टँडवर उभ्या, भिंतीवर पाटी नाही, कोपऱ्यात एक रिकामी खुर्ची. मी त्या खुर्चीकडे पाहिलं तसा तो म्हणाला, "काकांची आयडिया. लय उपयोगी पडते." फिटर बाजूला विडी न पेटवता नुसती ओठांत धरून बसला होता, वैतागलेला.

आणि दगडावर ते होतं. कुंकू बरंचसं उडालेलं, हळद मात्र ठसठशीत. दोन बोटं आणि त्यांच्यावरून एका बाजूला ओढत गेलेला रुंद, फिकट फराटा. त्या फराट्याच्या शेवटी अंगठा उचलल्याची जागासुद्धा दिसत होती. मी तिथे उभी राहून रडले. दोघांनी मला रडू दिलं.

डोळे पुसून मी त्याला सगळं सांगितलं. म्हटलं, "तुला पुसायचं असेल तर पूस, टेबल तुझं आहे. पण ठेवलंस तर तुझ्या आईला बोलाव. आता तिचा हात लागायला हवा."

त्याची आई अष्टमीहून पुलावरून चालत आली, हातात हळदीकुंकवाचा करंडा, पदराला हात पुसत, स्वयंपाक टाकून आलेली. ठसठशीत बाई. तिने लेकाकडून गोष्ट ऐकली, दगडाला नमस्कार केला आणि सासूबाईंच्या बोटांच्या खाली आपली बोटं ओढली. मग करंडा माझ्यापुढे धरला.

मी मागे सरले. मला ढकललं नव्हतं कुणी, पाय आपोआप सरले. सासूबाई मांडवाच्या खांबाशी कशा पोचल्या असतील ते मला त्या क्षणी कळलं.

"मी नको," मी म्हटलं. "माझे मालक..."

"माहीत हाय मला," ती म्हणाली. "तुझ्या सासूचा मालक तरी कुठं व्हता? लाव गो."

मी त्या मुलाकडे वळले. "हात लावू का?"

तो गडबडला. "काकी, तुमचाच हाय तो. इचारता काय?"

"माझं नाही. तुझं आहे, म्हणून विचारते."

मग त्याला कळलं. तो सरळ उभा राहिला, आमच्या गाळ्यात उभा राहायचा तसा, आणि म्हणाला, "लावा."

मी बोटं ओढली. हळद जाड लागली, फिटरने लगेच मान हलवली. मी अंगठ्याने ती सपाट केली, नवऱ्याच्या फराट्याच्या शेजारून, त्याच दिशेने, शेवटपर्यंत.

फिटरने नवीन कापड ताणलं. या वेळी निळं होतं. चढवून झाल्यावर मुलाने ब्रश मारला, बरोबर मारला, आणि बाजूला झाला. "काकी, हात फिरवून बघा ना. झोपलाय का?"

काकांचा प्रश्न त्याने कधी सकाळी येऊन ऐकला होता की काय, कोण जाणे. मला त्या कापडावरून हात फिरवायचा होता. किती फिरवायचा होता ते मलाच माहीत. पण बोटांना आणि अंगठ्याला हळद होती. हात धुतल्याशिवाय कापडाला हात नाही. नळ समोरच होता, खाली साबण होता, खिळ्याला स्वच्छ पंचा होता.

"तूच बघ," मी म्हटलं, आणि तशाच पिवळ्या हाताने पेणची एसटी धरली.