विनायकने न केलेला अर्ज

विनायक गेल्याचा फोन आला तेव्हा मी धारला कॉलेजात प्रॅक्टिकल घेत होतो. फोन करणाऱ्याला मी दोनदा विचारलं, नक्की ना?... ही सवय विनायकचीच. हा माझा देवासचा आतेभाऊ कुठल्याही बातमीवर आधी विचारायचा, "सांगतंय कोण?"

नव्वदच्या दशकात आम्ही एकाच विद्यापीठात संशोधन करत होतो, मी वनस्पतिशास्त्रात, तो भूगर्भशास्त्रात. पेपरात जागांची जाहिरात आली की मी पगार बघायचो आणि तो अटी. "भिया, ही जागा गेली," म्हणायचा. अमक्या बुरशीवर काम केलेला हवा म्हणजे मॅडमची विद्यार्थिनी, तमकं यंत्र चालवणारा हवा म्हणजे विभागप्रमुखांचा जावई. आणि लेकाचं बहुतेक वेळा खरं निघायचं.

मग एकदा मोठी जाहिरात आली. भौतिक, रसायन, जीवशास्त्र, भूगर्भ... सगळीकडे संशोधन सहायक हवे होते. भूगर्भच्या जागेला अट होती, माळव्यातल्या काळ्या खडकातल्या विहिरींच्या पाण्यावर काम केलेलं असावं. विनायक नुकताच बागलीच्या विहिरींवर प्रबंध लिहून मोकळा झाला होता. मी तडक देवास गाठलं. आत्या देवापुढे साखर ठेवत होती, आणि हा पेपरावर चहाचा कप ठेवून बसलेला.

"अरे, हे तर तुझंच काम," मी म्हणालो.

"म्हणूनच तर. मेरे लिए कोई क्यों निकालेगा? सरांचा भाचा आमच्याबरोबर बागलीला यायचा ना, बाटल्या धरायला? आता त्याला अनुभवाचा दाखला मिळणार, आणि मी मुलाखतीला शोभेला बसायचं."

"अर्ज तर कर बाबा," आत्या म्हणाली.

त्याने केला नाही. मी भांडलो, अबोला धरला, शेवटची तारीख उलटून गेली. पुढे तो देवासच्याच एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागला आणि पाणी तपासता तपासता पंचेचाळिशीतच गेला. त्याच्या तोंडून त्या जागेचं नाव मी पुन्हा ऐकलं नाही.

तेराव्याला त्याचे प्रबंधाचे सर आले, काठी टेकत. ओसरीवर मला म्हणाले, "वो पोस्ट मैंने विनायक के लिए ही निकलवाई थी. कमिटी से लड़कर. बताया नहीं, बात फैल जाती. सोचा, पढ़ते ही समझ जाएगा." मी भाच्याचं विचारलं. भाच्याने अर्जच केला नव्हता. तो बागलीला नुसता दाल-बाफले खायला यायचा. जागा रिकामीच राहिली. दारात उभ्या आत्याने हे सगळं ऐकलं आणि ती आत गेली.

मला रडू आलं. आणि त्याच क्षणी मनात आलं, गेलेल्या माणसाबद्दल कुणीही गोड बोलतं, सर खरं सांगताहेत कशावरून? तेव्हा त्यांनी एक शब्द विनायकच्या कानावर घातला असता तर काय बिघडलं असतं?... अजून माझं ठरत नाही.

दुसऱ्या दिवशी आत्याला आणि वहिनींना धारला घेऊन निघालो. वहिनींनी घराची किल्ली माझ्या हातात दिली. विनायक कुलूप लावून ओढून बघायचा, फाटकापर्यंत जायचा आणि परत येऊन पुन्हा ओढायचा. आम्ही यावरून त्याची किती थट्टा केली. मी कुलूप लावलं, ओढलं, फाटकापर्यंत गेलो. रिक्षात बसलेल्या दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी परत फिरलो आणि पुन्हा ओढून बघितलं.

ते लागलेलंच होतं. त्याच्याही हातून ते कधी उघडं राहिलं नव्हतं.